पश्चिमेची वाट पक्की आहे

१

दुपारची जेवणं आटोपली की सगळं गाव दारं लोटून आडवं व्हायचं आणि केल्तूमचं खरं काम तेव्हा सुरू व्हायचं. रस्त्यावर गाडी नाही, पोरं घरात कोंडलेली, कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीत निपचित. सांस्कृतिक केंद्राच्या मागच्या खोलीत, लाल मातीच्या जाड भिंतींआड, ती टेपरेकॉर्डरपुढे बसायची. आधी कापसाच्या बोळ्याने यंत्रातली वाळू पुसायची. या मुलखात वाळू कुठे शिरत नाही? पिठात शिरते, कानात शिरते, कुलपात शिरते. मग एक कॅसेट लावायची, कानांवर हेडफोन चढवायचे आणि मेलेल्या माणसांचं बोलणं संगणकात उतरवून घ्यायचं.

कॅसेटी लामीन मास्तरांच्या. पन्नासेक वर्षांपूर्वी हा माणूस खांद्याला जडशीळ यंत्र अडकवून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरोघर हिंडला होता. लोक हसायचे. म्हणायचे, मास्तरला फुकटचा चहा प्यायची चांगली युक्ती सापडलीये. मास्तर वारले, आणि त्यांच्या मुलीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेल्या त्या कॅसेटी केंद्राला देऊन टाकल्या.

बहुतेक सगळं बोलणं एकाच गावाबद्दल होतं. तिनमेरा. खाऱ्या मैदानापलीकडचं जुनं गाव, आता उजाड. केल्तूमची आई तिथेच जन्मली, लहानपणीच इकडे आली. गाव का सुटलं असं कुणालाही विचारलं की एकच उत्तर यायचं: पाणी आटलं.

आणि आता त्याच गावाच्या पाण्यासाठी धावपळ चालली होती. नव्या खजुरीच्या बागा सुकत होत्या. तिनमेराचा फोगारा, म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने गावापर्यंत आणणारं भुयार, साफ करून पुन्हा चालू करायचं ठरलं होतं. साफ करणाऱ्या माणसांचा मुकादम होता केल्तूमचा धाकटा भाऊ, हाश्मी.

तो मधूनच केंद्रात डोकवायचा, ताईला 'उख्ती' अशी हाक मारत. मातीने भरलेले बूट घेऊन थेट तिच्या टेबलापर्यंत.

"काय उख्ती, आज कुणाला उठवलंस कबरीतून?"

"बाहेर बूट काढ आधी."

"काढतो की. ते काय म्हणतायत ते सांग. मला नुसतं एवढंच हवंय, आत गेल्यावर भुयाराला दोन फाटे फुटतात. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. कुठल्यातून जायचं? नकाशा नाही, कागद नाही. तुझ्या मंडळींनी जन्मभर तिथे माती उपसली. एकाने तरी सांगितलं असेल."

"सापडलं की सांगते."

"लवकर सापडव. नाहीतर मीच जाऊन बसेन त्यांच्यात, आणि मग तू मला हेडफोन लावून ऐकत बस."

ती हातातला कापसाचा बोळा त्याच्या अंगावर फेकायची. तो हसत पळायचा. त्याचं हसणं म्हणजे गाढव विहिरीत पडल्यासारखं, असं आई म्हणायची.

२

सापडलं एका म्हाताऱ्याच्या कॅसेटवर. बा हम्मू त्याचं नाव, उभं आयुष्य फोगाऱ्यात काढलेला माणूस. मागे चिमण्यांचा गलका, पेल्यात उंचावरून चहा ओतल्याचा आवाज. मास्तरांनी विचारलं, आत उतरायला वाट कुठली चांगली? बा हम्मू थोडा थांबला. मग म्हणाला:

"पश्चिमेची वाट पक्की आहे. आत माणूस ताठ उभा चालतो. भिऊ नका, उतरा."

केल्तूमला आनंद झाला. तिने ते वाक्य परत ऐकायला फीत मागे घेतली, आणि तेव्हा तिला ते जाणवलं. बा हम्मूच्या बोलण्याआधी, त्या थांबण्यात, कुणीतरी तेच वाक्य म्हणत होतं. फार बारीक. भिंतीपलीकडून बोलल्यासारखं.

ती दचकली नाही. हे तिला ठाऊक होतं. शिकताना सांगितलं होतं त्यांना: फीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेटोळ्यावरचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटतो. म्हणून कधी कधी शब्द यायच्या आधी शब्दाची सावली येते. जुन्या कॅसेटींचा आजारच तो.

पुढच्या दिवसांत आणखी दोघा म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. दोन वेगळी घरं, वेगळे ऋतू. एकाकडे कोंबड्या ओरडत होत्या, एकाकडे वारा दार आपटत होता. पण वाक्य तेच, शब्दाला शब्द. पश्चिमेची वाट पक्की आहे. आत माणूस ताठ उभा चालतो. भिऊ नका, उतरा.

"तिघं?" हाश्मीने टेबलावर थाप मारली. "तीन साक्षीदार! काझीसुद्धा एवढ्यावर निकाल देतो. ठरलं, पश्चिमेची वाट."

"सगळ्यांनी अगदी सारखंच कसं सांगितलं असेल रे?"

"पाठ असणार. बापाने पोराला सांगितलं, पोराने त्याच्या पोराला. तू नाही का, आई म्हणते तशीच 'बूट काढ' म्हणतेस." तो दारात वळला. "आठवड्याभरात उतरतो. वारा पडू दे फक्त. पाणी आलं ना, की पहिला पेला तुला, उख्ती. तुझ्यामुळे वाट मिळाली."

तुझ्यामुळे. तेव्हा तो शब्द तिला गोड लागला.

३

पण सावली म्हटली की ती वस्तूसारखी असावी लागते. केल्तूमचं मन तिथे अडकलं. बा हम्मूचा आवाज घोगरा, दम लागलेला. दुसऱ्याचा किनरा. तिसऱ्याला दात नव्हते, तो शब्द चघळत बोलायचा. आणि तिघांच्या आधी येणारी सावली मात्र एकाच आवाजाची होती. तो आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, तरुणाचा नव्हता. बाईचा की पुरुषाचा तेही सांगता येईना. त्याला दम लागत नव्हता. वाक्याच्या मध्ये तो श्वासच घेत नव्हता.

यंत्रात काही असेल, ती स्वतःशी म्हणाली. एकाच यंत्रावर सगळं ऐकतेय, त्याच्याच हेडवर, फीत घासते तिथे, काहीतरी चिकटलं असेल. तिने पुन्हा कापूस घेतला, हेड पुसलं, पट्टा बदलला. बाजारात कॅसेटवर गाणी वाजवणाऱ्या दुकानदाराकडून त्याचं यंत्र मागून आणलं. आवाज तिथेही होता.

मग ती बा हम्मूची कॅसेट पुन्हा अगदी पहिल्यापासून, आवाज पुरा वाढवून ऐकायला बसली. बाहेर ऊन टाचणी पडली तर वाजेल असं स्तब्ध होतं. मास्तरांनी प्रश्न विचारला. आणि या खेपेला तिला ऐकू आलं की बा हम्मू आधी थांबलाच नव्हता. त्याने लगेच तोंड उघडलं होतं. "पूर्..." एवढा अर्धा शब्द, जिभेवर आलेला.

पूर्वेची.

तिथे तो गप्प झाला. कुणी तोंडावर हात ठेवावा तसा. बारीक आवाजाने आपलं वाक्य म्हटलं, सावकाश, न चुकता. आणि मग बा हम्मूने ते त्याच्यामागून म्हटलं, मदरशातलं पोर पंतोजीच्या मागून म्हणतं तसं.

केल्तूमने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ते तिथे पडल्या पडल्या कुजबुजत राहिले. तिने उठून खिडकी उघडली. गरम झोत अंगावर आला, तरी तिला बरं वाटलं.

४

लाल्ला मबरूकाची, म्हणजे मबरूकाबाईंची, कॅसेट डब्याच्या तळाशी होती. मास्तरांनी घेतलेली बाईची ती एकच मुलाखत. फोगारा साफ करणाऱ्या एका माणसाची बायको. आवाज खणखणीत, मास्तरांची चेष्टा करणारा.

"बसा मास्तर. यंत्र चटईवर नका ठेवू, आमच्या बकऱ्या खातील."

लग्नाची गाणी झाली, दुष्काळाच्या वर्षाची गोष्ट झाली. मग मास्तरांनी सगळ्यांना विचारायचे तेच विचारलं. लाल्ला, तुमचे धनी फोगाऱ्यात उतरायचे. आतली वाट कुठली चांगली म्हणायचे?

बाई बोलली नाही. त्या शांततेत तो बारीक आवाज आला. पश्चिमेची वाट पक्की आहे.

केल्तूम वाट बघत राहिली, की आता ही म्हणेल. बाई बोलली नाही. पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. बारीक आवाजाने वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी किंचित मोठ्याने.

"नाही," लाल्ला मबरूका म्हणाली. "मी नाही म्हणणार."

"काय नाही म्हणणार, लाल्ला?" मास्तर गोंधळले.

"तुम्हाला नाही म्हटलं मी. तुम्ही चहा घ्या." मग तिचा आवाज खाली आला. "घरधनी एकदा त्या पश्चिमेच्या फाट्यातून वर आला, तेव्हापासून हेच बोलतो. मीठ मागायचं तरी आधी थांबतो. कुणी सांगेस्तोवर. सगळेच तसे झाले, मास्तर, एकामागून एक. आम्ही बायकांनी पोरं काखेत मारली आणि चालायला लागलो. पुरुष आले मागून."

"पण गाव तर पाणी आटलं म्हणून सुटलं ना?"

"पाणी?" बाई हसली. "पाणी कधी आटलं?"

आता बारीक आवाज थांबत नव्हता. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा, मधे फट न ठेवता. लाल्ला मबरूकाने आपल्या नातवंडांची नावं मोठमोठ्याने घ्यायला सुरुवात केली, गर्दीत हरवलेल्या पोरांना हाका माराव्यात तशी. तिला तो आवाज बुडवायचा होता. मास्तर "लाल्ला, लाल्ला, काय होतंय?" करत होते. त्यांना काहीच ऐकू येत नसावं.

"बंद करा ते," ती ओरडली. खटकन बटण दाबलं गेलं.

पुढे कोरी फीत होती. केल्तूमने ती शेवटपर्यंत ऐकली. कोऱ्या फितीवरही वाक्य चालूच होतं.

५

अजूनही ती स्वतःला समजावत होती. कॅसेट जुनी, फीत कुजकी. एखाद्या म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. केल्तूम शिकलेली बाई, तिने असल्या गोष्टींना भ्यायचं म्हणजे काय? हे यंत्राचं दुखणं असेल तर नव्या यंत्रात ते नसणार. एवढं साधं.

फोगाऱ्यातल्या त्या कामकऱ्यांपैकी एकच जण अजून जिवंत होता. बा अल्लाल. सकाळीच ती केंद्राचा नवा छोटा रेकॉर्डर घेऊन त्याच्या घरी गेली. या यंत्रात फीतच नव्हती, वेटोळी नव्हती, सावली पडायला जागा नव्हती.

बा अल्लाल अंगणात भिंतीला टेकून बसला होता. सुनेने खजूर आणि ताक आणून ठेवलं.

"जरा धीराने घ्या हं," सून म्हणाली. "आमचे बा विचार करून बोलतात. पहिल्यापासून तसेच. घाईघाईचा शब्द नाही त्यांच्या तोंडी."

केल्तूमने बरं आहे का विचारलं. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, बरं आहे. तिने फोगाऱ्याचं विचारलं. तो पुन्हा थांबला. त्याचे डोळे तिच्यावर होते, पण मान किंचित कललेली होती, एका बाजूला, कान देणाऱ्या माणसासारखी.

"पश्चिमेची वाट पक्की आहे," बा अल्लाल म्हणाला.

"बघा," सून कौतुकाने म्हणाली. "एवढं वय झालं, तरी सगळं आठवतं."

केल्तूम बागेच्या भिंतीआड गाडीत येऊन बसली. काचा वर केल्या आणि रेकॉर्डर लावला. तिचा स्वतःचा आवाज आला: बरं आहे का, बा अल्लाल? मग अंगणातली शांतता. आणि त्या शांततेत, स्वच्छ, वाळूच्या कणाएवढाही खरखराट नसलेला: बरं आहे.

मग म्हाताऱ्याचा: बरं आहे.

तिने हाश्मीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मग आईला लावला.

"तो होय?" आई म्हणाली. "गेला की पहाटे तिनमेराला. वारा पडलाय म्हणाला, आजच उतरतो. भाकरीसुद्धा हातात घेऊन पळाला मेला."

६

खारं मैदान ओलांडताना तिने गाडी कशी हाकली ते तिला नंतर आठवेना. तिनमेराच्या पडक्या भिंतींपलीकडे फोगाऱ्याची तोंडं ओळीने दिसत होती, उकरलेल्या मातीच्या वरंब्यांत विहिरीसारखी. शेवटच्या तोंडापाशी रहाट बसवला होता. मसऊद नावाचा दणकट गडी रहाटाची मूठ धरून उभा होता, बाकीचे सावलीत चहा करत होते.

"आलात लाल्ला केल्तूम? अहो, पाणी आहे खाली!" मसऊदचा चेहरा उजळला होता. "चांगलं वाहतंय, घोट्याएवढं. आपली म्हातारी माणसं म्हणायची आटलं, आटलं."

"हाश्मी कुठेय?"

"फाट्यात गेलाय. एकटाच गेला, म्हणाला आधी मी बघून येतो. दोर कमरेला आहे. काळजी नको."

ती काठावर पालथी झोपली आणि आत तोंड घालून ओरडली. "हाश्मी!"

गार, ओलसर वास वर आला. खाली काळोखात पाणी बोलत होतं. नंतर, अगदी तळातून, बारीक: आलो.

मग तिच्या भावाचा आवाज: "आलो."

तिने मसऊदकडे पाहिलं. तो मूठ फिरवायला लागला होता, हसत होता. त्याने एकच "आलो" ऐकलं होतं.

दोर ताणला गेला, रहाट करकरला. हाश्मी वर आला. खांद्यांवर चिखल, ओठ पांढरे, केसांतून पाणी निथळतंय. बाकीच्यांनी त्याला बाहेर ओढून पाठीवर थापा मारल्या. कुणी आरोळी ठोकली, कुणी त्याच्या हातात चहा दिला. तो मधोमध उभा होता, आणि त्याच्या कपाळावरचा दिवा नव्हता.

"दिवा कुठे तुझा?" केल्तूमने विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मान किंचित कलली.

"पडला," तो म्हणाला.

ती पुन्हा काठाशी गेली. वाकली. खाली पाण्यापलीकडे, भुयार पश्चिमेला वळतं तिथे, दिवा लागलेला होता. तो पडलेला नव्हता. उभ्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर तो स्थिर होता आणि वर, तिच्याकडे वळलेला होता. बघता बघता तो विझला. हळूच, कुणी हाताने झाकावा तसा.

"मग, मुकादम?" मागे मसऊद विचारत होता. "कशी आहे वाट?"

केल्तूमने कान झाकून घेतले.

७

आईला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. लेकाने पाणी आणलं. शेजारणी अभिनंदनाला येऊन गेल्या. तिने कुस्कुसाची परात मांडली, वर सुक्या मटणाचे तुकडे ठेवले आणि सगळ्यात मोठा तुकडा हाश्मीच्या बाजूला सरकवला.

"मीठ बरोबर आहे ना रे?"

हाश्मी थांबला. पंख्याचा आवाज चालू होता. त्या आवाजाखाली केल्तूमला ते ऐकू आलं. आता हेडफोन नकोत, यंत्र नको. एकदा कानाला सवय लागली की माणूस भिंतीतल्या वाळवीचा आवाजही ऐकतो.

"बरोबर आहे," हाश्मी म्हणाला.

"किती शांत झालाय बघ पोर," आई म्हणाली. "काल-परवापर्यंत घास तोंडात असताना बडबडायचा. जबाबदारी आली की माणूस सुधारतो." तिने पदराने डोळे टिपले. "अगदी माझ्या बाबांसारखा दिसतो मला आता. तेही असेच. काही विचारलं की थोडं थांबायचे, मग बोलायचे. तिनमेरात सगळे पुरुष तसेच होते. भारदस्त."

केल्तूमने घास खाली ठेवला.

"यम्मा, तुला कुणी उचलून आणलं गं इकडे? लहानपणी?"

"आईने. पाठीला बांधून. का?"

"ती काही म्हणाली होती? का निघालो ते?"

"म्हणाली होती काहीबाही. तिला मेलीला सगळ्याचंच भय." आईने हात झटकला. "शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांना खाली नेणारेत, बायकांनासुद्धा. पाळणा बांधणारेत रहाटाला. मी जाणार. माझ्या बापाने खणलेली वाट मी बघणार नाही होय?"

केल्तूमने नाही म्हणून बघितलं. रागावून बघितलं, रडून बघितलं. केंद्राच्या प्रमुखांकडे गेली, नगरपालिकेत गेली, कॅसेट ऐकवली. तिथल्या साहेबाने हेडफोन लावून लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाला, "आवाज खराब आहे थोडा. पण वाट पक्की आहे असं सगळेच म्हणतायत की, बाई." आणि मुकादम स्वतः जाऊन आला होता. मुकादमापेक्षा मोठी साक्ष कुणाची?

परत आली तेव्हा हाश्मी अंगणात बसलेला होता. बूट दाराबाहेर काढून, जोडीने, नीट ठेवलेले होते.

८

ती त्याच्यासमोर बसली. सकाळचं ऊन अंगणात अर्ध्यापर्यंत आलं होतं. आत आई चूल फुंकत होती.

"हाश्मी, तू पाच-सहा वर्षांचा होतास. विंचू चावला होता तुला, आठवतं?"

मान कलली. तो थांबला.

"आठवतं," तो म्हणाला.

ते काही अवघड नव्हतं. अख्ख्या गल्लीला ते माहीत होतं. केल्तूम पुढे वाकली आणि त्याचे दोन्ही हात धरले. हात गार होते, पाण्यात बराच वेळ राहिल्यासारखे.

"तू फार रडत होतास. मी तुला कुशीत घेऊन एक गाणं म्हणत बसले होते. माझंच, मनाने रचलेलं. कुणाला माहीत नाही ते, यम्मालाही नाही. परत कधी म्हटलं नाही मी. सांग, कुणाचं गाणं होतं?"

हाश्मी थांबला.

अंगणात काहीच आलं नाही. पंखा बंद होता, वारा पडलेला होता, आणि त्या शांततेच्या तळाशी जे नेहमी असायचं ते नव्हतं. त्या आवाजाला ठाऊक नव्हतं. हाश्मीची मान इकडून तिकडे कलली, उत्तर शोधत. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तो भ्यालेला होता. ती नजर तिच्या ओळखीची होती. विंचू चावलेल्या पोराची नजर.

"सांग," ती कुजबुजली. "तू सांग. तूच."

त्याने तिचे हात एवढ्या जोरात आवळले की तिची हाडं दुखली. मानेच्या शिरा ताठ झाल्या. कपाळावर घाम आला. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. दगडाखालून हात काढावा तसा तो तो शब्द ओढून काढत होता.

"शेळीचं," हाश्मी म्हणाला. "लंगड्या शेळीचं."

त्याच्या आधी कुणीही काही बोललं नव्हतं. ते त्याचं होतं, एकट्याचं. केल्तूमने त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, हसली, रडली. "हो रे, हो माझ्या राजा, लंगड्या शेळीचं, लग्नाला निघालेल्या..."

ती तिथेच थांबली.

आवाज आला होता. या वेळी त्याच्या बोलण्यानंतर. अगदी जवळून, बारीक, सावकाश, नवा शब्द जिभेवर घोळवून बघावा तसा. लंगड्या शेळीचं. आणि पुन्हा एकदा, आता जरा सराईतपणे. लंगड्या शेळीचं.

तिच्या हातांतला चेहरा सैल पडला. डोळ्यांतलं भय ओसरलं, आणि भयाबरोबर बाकीचंही. हाश्मी हसला. अगदी त्याचंच हसणं, गाढव विहिरीत पडल्यासारखं. आत आईने ते ऐकलं आणि तीही हसली.

"लग्नाला निघाली," हाश्मी म्हणाला, "आणि मग, उख्ती? पुढे काय झालं त्या शेळीचं?"

तो विचारायच्या आधीच तिला तो प्रश्न ऐकू आला होता. तिने ओठ घट्ट मिटले. दोन्ही तळवे तोंडावर दाबून ती बसून राहिली. समोर तिचा भाऊ मान कलती करून, प्रेमाने, थांबला होता.

"अगं, सांग की त्याला," आतून आई म्हणाली. "किती दिवसांनी हसलाय लेकरू."